टपरीवर जेवून झोपलेली शिफ्ट

गोदामाच्या भिंतीशी वाऱ्यानं पुठ्ठ्याचे तुकडे कसे आपोआप येऊन लागतात, तसे हे किस्से. कुणी आणून टाकत नाही. आमची टपरी भिवंडीजवळ पूर्णा गावात, गोदामाच्या गेटशेजारी. त्यामुळे पुठ्ठेही आमच्याकडे आणि किस्सेही आमच्याकडे.

*

सुरुवात बदकांनी केली. नात परी मोबाईलवर कार्टून बघत होती. बदकांचं कुटुंब खानावळ काढतं, गिऱ्हाईक येत नाही, भात करपतो, आई-बदक रडायला बसते आणि तेवढ्यात दारात ही गर्दी. माझी सून रेखा कांदा चिरता चिरता थांबली. म्हणाली, "आई, आपण पण टाकूया का टपरी?"

मी म्हटलं, "बदकांचं काय जातंय? त्यांचं सगळं अर्ध्या तासात आटपतं."

पण ती का विचारतेय ते मला ठाऊक होतं. गोदामात पॅकिंगच्या ड्युटीला जायची ती. आत खिडकी नाही. बाहेर आल्यावर कळायचं, दिवस मावळला. माझा मुलगा रवी तिला म्हणाला, "टाक. पण न्हाय चालली तर परत ड्युटीला जायचं. मग रडायचं न्हाय."

*

पहिले काही दिवस कुणी फिरकलं नाही. गोदामातले हमाल सगळे यूपी-बिहारकडचे. तांदळाची भाकरी त्यांच्या बघण्यातली नव्हती. शिवपूजन नावाचा एक हमाल ती उलटीपालटी करून म्हणाला, "अम्मा, ये रोटी बीमार है क्या? रंग उड़ गया है."

मी म्हटलं, "बीमार नहीं, गोरी है. खा के देख."

खाल्ली. मग दुसरी मागितली. तिची तब्येत विचारली नाही.

*

आमच्यात लग्नाच्या पंगतीत पाहुण्यानं ताटावर हात आडवा धरला तरी वाढणारीनं थांबायचं नसतं. थांबली तर घरच कंजूष ठरलं. ती सवय टपरीवर आले म्हणून सुटते होय? शिवपूजननं हात आडवा धरला, मी कोलंबीचं कालवण त्याच्या बोटांवरून वाढलं. तो वर बघून म्हणाला, "अम्मा, हाथ भी खाना है क्या?"

दुसऱ्या दिवशी चौघांना घेऊन आला. चौघंही बसल्याबरोबर ताटावर दोन्ही हात धरून बसले. अजून काही वाढलंही नव्हतं.

*

असं जेवल्यावर माणूस जाणार कुठं? गेटसमोर मोठं शिरीषाचं झाड आहे. खाडीकडचा वारा यायचा, पानं हलायची, सावली अंगावरून इकडची तिकडं सरकायची आणि अख्खी शिफ्ट आडवी. रांगेत चपला तेवढ्या जाग्या. मी पण भांडी घासता घासता कुठल्या कुठं जाऊन यायची.

मग गोदामाचे सुपरवायझर साळुंखे साहेब आले. "मावशी, जेवण तुमचं, पण झोपतं माझं गोदाम. आणखी एकदा कुणी झोपलेलं दिसलं तर टपरी गेटवरून उचलायची."

रेखानं हातातली पळी खाली ठेवली. तिनं दुसऱ्या दिवसापासून भात कमी केला आणि जेवणावर कडक चहा ठेवला. चहा पिऊन ते आणखी गाढ झोपले.

*

पहाटे रेखाला स्वप्न पडलं. गोदामाचं छप्पर उघडलंय, आत पाणी भरलंय आणि बदकं जेवायला आलीत.

परीनं दात घासता घासता विचारलं, "गर्दी झाली का गं?"

"झाली," रेखा म्हणाली. "पण सगळे पोहत होते. बसलं कुणीच न्हाय."

*

त्याच दुपारी साहेब स्वतः झाडाखाली पहाऱ्याला उभे राहिले. भीतीनं कुणी आडवं होईना. पण जेवणाऱ्यांच्या शेजारी माणूस उपाशी उभा ठेवायचा नसतो, म्हणून मी त्यांच्या हातात ताट दिलं.

"ड्युटीवर आहे, मावशी."

"ड्युटीला उभी राहू दे. तुम्ही बसा."

बसले. जेवले. हात धुऊन जरा खोडाला टेकले आणि बघता बघता मान छातीवर आली.

शिवपूजननं सगळ्यांना गप्प राहायची खूण केली. हमाल चपला हातात घेऊन आत गेले. गेटवर ट्रक लागायला लागले, तर हा एकेका ड्रायव्हरच्या खिडकीपाशी जाऊन हात जोडायचा, हॉर्न मत बजाना भैया. भिवंडीत, भरदुपारी, ट्रकांची रांग आणि आवाज फक्त पानांचा. मला वाटलं, झोपलेय ती मीच.

रेखाला मात्र धीर नव्हता. "उठले की आपल्यावरच काढतील, आई," म्हणत ती ताडपत्रीच्या गाठी सोडायला लागली. डोळ्यांतलं पाणी पुसायलाही थांबली नाही. मी दुसऱ्या टोकाची गाठ धरली.

साहेब उठले. गालावर झाडाच्या सालीची नक्षी उमटलेली. त्यांनी ट्रकांची रांग बघितली, गेट बघितलं, रेखाच्या हातातली दोरी बघितली.

"वहिनी, ताडपत्री सोडू नका," ते म्हणाले. "जरा झाडाच्या बाजूला ओढून बांधा. ऊन उतरलं की डोळ्यांवर येतं."