उशाखालची पक्कड

काल जुन्या डब्यात छोटी पक्कड सापडली. तिचा गंजका वास नाकात गेला आणि माझा जबडा आपोआप आवळला.

तेव्हा आम्ही साखळी गावात राहायचो. नवऱ्याच्या एका फटक्यानं माझा जबडा मोडला होता. डॉक्टरांनी ऑपरेशन करून वरचे-खालचे दात तारांनी बांधले, आणि उलटी झालीच तर तारा तोडायला ही पक्कड दिली. सासूनं शेजारणींना सांगून टाकलं, “ती न्हाणीत घसरान पडली.” नाही म्हणायला माझं तोंडच उघडत नव्हतं.

त्या दुपारी मी पाच महिन्यांच्या लेकीला पाजत होते आणि स्वतः नळीनं पेज ओढत होते. दूध पुरेना, तशी ती रडायला लागली. “तिका गप कर गो!” म्हणत नवरा आला आणि त्यानं तिच्यावर हात उगारला. मी उशाखालची पक्कड काढली, त्याचं बोट तिच्यात धरलं आणि हाड लागेपर्यंत दाबलं.

त्याच्या किंकाळीनं शेजारणी धावत आल्या. तेव्हा मला माझीच भीती वाटली होती. आता नाही वाटत. आता आठवते ती दारात उभी राहिलेली सासू. मागे लेकाच्या बोटातून रक्त गळत होतं, आणि ती सगळ्यांना सांगत होती, “तो न्हाणीत घसरान पडलो.”