चादरीची मागची बाजू

लॅबमधला कीबोर्ड उलटा करून आपटला की बिस्किटांचा चुरा पडत राहतो, तसे आमच्या प्रोजेक्टचे किस्से आहेत. एक सांगायला जावं तर चार पडतात.

ग्रुप तिघांचा: मी, मंद्रूपचा मल्लू आणि श्रावंती. तिच्या वडिलांचा चादरीचा छोटा कारखाना, म्हणून वेबसाइट त्यांच्याच चादरींची करायची ठरली. आमच्यासाठी ते मार्कांचं काम होतं. श्रावंतीचं मात्र पुढचं शिक्षण त्यावर अडकलं होतं. वडील म्हणाले होते, "इतकी वर्षं काय शिकलीस ते दाखव. पटलं तर पुढं शिक, नायतर कारखान्यात बस."

*

फीचर निवडताना आम्ही लग्नातला नियम लावला. टॉवेल-टोपी सगळ्यांना, कुणी रुसायला नको. म्हणजे प्रत्येकाचं एक फीचर घ्यायचंच.

मल्लूनं बर्फ मागितला. पेज उघडलं की वरून पांढरे ठिपके पडणार. सर म्हणाले, "अरे, सोलापुरात बर्फ?"

मल्लू शांतपणे म्हणाला, "सर, थंडी वाजल्याबिगर चादर कोण घेतंय?"

*

माझा हट्ट डार्क मोडचा. बटण दाबलं की सगळं काळं. मी इतकं मन लावून काळं केलं की चादरीही दिसेनात!

सरांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग वर पंख्याकडे पाहिलं. "लाईट तर आहे की," म्हणाले.

*

लग्नात दोन पंगतींना बसणारे असतातच. मल्लूनं गुपचूप दुसरं फीचर घुसवलं. पेज उघडेपर्यंत स्क्रीनवर मागातला, आडवं सूत नेणारा धोटा इकडून तिकडे पळायचा. तो इतका झकास पळायचा की आम्ही बघतच बसलो. पेज उघडतच नाही, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

सर मागून म्हणाले, "छान आहे. चादर कधी विणून होणार?"

*

श्रावंतीनं एकच मागितलं. फोटोवर बोट ठेवलं की चादर उलटी व्हावी, मागची बाजू दिसावी. आमच्याकडच्या चादरीला दोन्हीकडून नक्षी असते, फक्त रंगांची अदलाबदल होते.

"मागची बाजू कोण बघतंय?" मल्लू म्हणाला. मलाही ते मिळमिळीत वाटलं. पण टॉवेल-टोपीचा नियम आमचाच, करून दिलं.

*

परीक्षेच्या आदल्या दिवशी साइट दाखवायला आम्ही कारखान्यात गेलो. वडिलांच्या जुन्या मोबाइलवर ती उघडेचना. धोटा आपला पळतोय. श्रावंतीनं तिथंच लॅपटॉप उघडला आणि बर्फ, धोटा, माझा डार्क मोड, सगळं काढून टाकलं. साइट उघडली.

वडिलांनी चष्मा लावला, चादरीचा फोटो जवळून पाहिला. मग हातात आलेल्या प्रत्येक चादरीचं करतात तेच केलं. मोबाइल उलटा केला. मागं नुसतं कव्हर.

मल्लूनं माझ्याकडे पाहिलं. हसायची आमची हिंमत नव्हती.

श्रावंतीनं मोबाइल सरळ केला आणि वडिलांचं बोट धरून फोटोवर ठेवलं. चादर उलटली.

त्यांनी पुन्हा बोट ठेवलं. मग पुन्हा. शेवटी चष्मा काढत तिला म्हणाले, "ते तुझं पुढचं कॉलेज स्टँडपासनं लई लांब हाय का?"