त्याला बकेटमध्ये मी चढवलं

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. पक्षातल्या आठवणी लिहा म्हणून कार्यकर्ते मागे लागले, तेव्हा मी पडलेल्या निवडणुका लिहिल्या, उधळलेल्या सभा लिहिल्या, जिंकलेली एक निवडणूकही लिहिली. तिची विजयी मिरवणूक मात्र गुलालापर्यंत आणली आणि तिथेच सोडली. पुढचं आता लिहितो. गेल्या आठवड्यात पौडच्या बैठकीत मी ते चारचौघांत बोलून बसलो आहे, आणि तेव्हापासून रात्री झोप नाही की दिवसा एका जागी बसवत नाही. या वयात इतकी नशा चढल्यासारखं होईल असं वाटलं नव्हतं.

तो रिहे गावचा. तिशीतला, अंगाने दणकट, समजेने लहान मुलासारखा. आईवडील गेलेले. थोरली बहीण त्याला सांभाळायची. प्रचाराच्या जीपमध्ये कुणीतरी गंमत म्हणून त्याच्या हातात माईक दिला आणि आम्ही चाट पडलो. असा आवाज तालुक्यात कुणाचा नव्हता. रिह्याच्या खोऱ्यात तो घोषणा द्यायचा, ती समोरच्या डोंगराला लागून परत यायची. मग तो माईक खाली धरून ऐकायचा आणि मला म्हणायचा, "तात्या, पल्याडची बी आपल्याच पार्टीची हायेत." जीपमधली माणसं हसून एकमेकांच्या अंगावर पडायची. लोक उमेदवाराला सोडून त्याला बघायला रस्त्यावर येत. मीही त्या नादात होतो. गाडी वळणाला लागली की माझीच छाती धडधडायची, आता हा ओरडणार म्हणून.

पहिल्याच दिवशी त्याची बहीण जीपच्या दाराला धरून उभी राहिली होती.

"तात्या, न्या त्याला. खूश असतोय त्यो. पन लई गोंगाट झाला की त्याला फिट येती. अन् दिवस मावळायच्या आत त्यो मला घरात पायजे. कुनाच्या हवाली करू नका, तुमी सोता आना."

"माझ्यावर सोड, पोरी," मी म्हणालो.

प्रचार संपेपर्यंत मी शब्द पाळला. सभा अर्धी टाकून त्याला दारात सोडून आलो. तो कधी घोटावड्यात भेळेला अडायचा, कधी गाडीतून उतरायलाच तयार नसायचा. तरी दिवस मावळायच्या आत बहिणीला दिसायचा.

आणि आम्ही जिंकलो. सगळं आयुष्य ज्या निकालाची वाट बघितली तो लागला. पौडच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. डीजे लागला, ढोल आले, आणि गुलाल उधळायला जेसीबी आला. हल्ली त्याशिवाय मिरवणूक मिरवणूक वाटत नाही. त्याच्या बकेटमध्ये गुलालाची पोती आणि चार पोरं, बकेट वर जाणार आणि वरून गुलाल पडणार. मी म्हातारा माणूस, फेटा सुटलेला, अनोळखी लोकांच्या गळ्यात पडून नाचत होतो. खोटं कशाला बोलू, इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

तो माझ्या बाजूलाच होता. त्याने माझी बाही ओढली.

"तात्या, अंधार पडाय लागला. ताई वाट बघती."

त्याच्या लक्षात होतं. तेवढ्यात गर्दीने त्याला ओळखलं. "आवाज वर पाठवा, आवाज वर पाठवा," असा गलका सुरू झाला. मलाही तेच हवं होतं. वरून त्याची घोषणा आली की काय बहार होईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"पाचच मिनिटं," मी त्याला म्हणालो.

"नगं तात्या. उंच हाय."

"मी हितंच हाय की. समदी आपलीच माणसं हायेत." आणि खाली वाकून मी माझा तळहात त्याच्या पायाखाली दिला. वरच्या पोरांनी त्याला ओढून घेतलं. बकेट वर गेली. कुणीतरी मला खांद्यावर उचललं आणि मी दुसरीकडे तोंड करून नाचत गेलो.

वर त्याला फिट आली. पोरं ओरडत होती, पण डीजेच्या दणक्यात चालवणाऱ्याला काहीच ऐकू गेलं नाही. त्याला वाटलं, नाचतायत. बकेट खाली आली तेव्हा त्याचं मनगट मोडलेलं होतं, जीभ दातांखाली सापडलेली, आणि गुलालात रक्त कुठलं तेही कळत नव्हतं.

दवाखान्यात बहीण धावत आली. तिने फक्त एवढंच विचारलं, "वर कसा गेला त्यो?"

मी म्हणालो, "ऐकेना. आपला आपण चढला."

जिभेला टाके पडलेले. तो बोलायला लागला तो जड, घोगऱ्या आवाजात, आणि एकच वाक्य बोलत राहिला, "तात्यानं चढवलं." तिने माझ्यावर विश्वास ठेवला. पुढे एकदा बाजारात भेटली तेव्हा मलाच म्हणाली, "तुमच्या राजकारणात जाऊन खोटं बोलाय शिकला. मारलं मी त्याला त्यापायी." शेतावर जाताना ती बाहेरून कडी लावून जायला लागली. हे मला माहीत होतं. मी मान हलवली आणि मेथीची जुडी घेऊन घरी आलो.

आता गेल्या आठवड्याची बैठक. मूळची लातूरकडची, हिंजवडीत कंपनीत नोकरी करणारी, घोटावड्यात राहणारी एक बाई आमच्याकडे नवी पदाधिकारी झाली आहे. तिने उभं राहून सांगितलं: लहान मुलांना प्रचारात आणायचं नाही. म्हातारं, आजारी किंवा कमी समजेचं माणूस आपल्याबरोबर येणार असेल, तर त्याला घरी पोचवेपर्यंत एकच माणूस जबाबदार, आणि तो आधी ठरलेला. तक्रार आली तर ऐकणारं माणूस पक्षाबाहेरचं.

"मॅडम, ही तुमची कंपनी न्हाई," मागून एकजण म्हणाला. हशा झाला.

"माहितीये, दादा. कंपनीत उशीर झाला तर बाईला दारापर्यंत कोण सोडणार हे ठरलेलं असतं. आपल्याकडे काय ठरलेलं असतं?"

"हितं समदी आपलीच माणसं हायेत. ठरवायचं काय त्यात?"

माझंच वाक्य. मी कधी उठलो ते मला कळलं नाही. कानात डीजे वाजत असल्यासारखं झालं होतं, पण तोंडातून सगळं क्रमाने येत गेलं, तळहातापर्यंत. नियम एकमताने झाला. बाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "तात्या, त्यांच्या घरी माहितीये हे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिह्याला. वाटेत एकच वाक्य घोकत होतो. दार उघडल्या उघडल्या मी बहिणीला सगळं सांगून टाकलं, पाणीही न घेता. तिने दाराची चौकट धरली.

"म्हंजी त्यो खरं बोलत हुता," ती म्हणाली.

"व्हय. पोरी, मला..."

"मला नगा सांगू. तितं मागं हाय त्यो. त्याची माफी मागा."

तो परसात भाताचा पेंढा रचत होता. केस पांढरे व्हायला लागलेत. मला बघून त्याने पेंढी टाकली आणि लगबगीने आला. सगळा चेहरा उजळला होता.

"तात्या, गाडी आनली? माईक हाय?"

तोच उत्साह, आवाज मात्र फाटलेला. बहीण दारात उभी राहून बघत होती. "आणतो," मी म्हणालो. तो बहिणीकडे वळून म्हणाला, "ताई, तात्या गाडी आनतोय." आणि मी निघून आलो.

घोकलेलं वाक्य अजून माझ्याजवळच आहे. त्याला वाचता येत नाही, म्हणून ते इथे लिहून भागणार नाही. तरी लिहितो: तू खरं बोलत होतास, बाळा, तुला मी चढवलं, मला माफ कर.