पट्टीमागची सही

माझी आत्या खिडक्या बसवायची. वीस वर्षं. दुहेरी काचेच्या, खोलीतली ऊब खोलीतच ठेवणाऱ्या. लोक काचेचं कौतुक करत बसतात. आत्या म्हणायची, "काच काय चाटायचीय? ऊब पळते ती चौकट नि भिंतीमधल्या फटीतून." त्या फटीत फुगून मग वाळणारा फोम भरायचा, मग वरून पट्टी ठोकायची. फोम भरून झाला की पट्टी लावण्याआधी ती चौकटीवर पेन्सिलनं सही करायची. पट्टीमागं कोण बघतंय? तरी करायची. तिची सही म्हणजे आत फोम भरलाय, असं कंपनीतही धरायचे.

मी शाळा सोडली तेव्हा घरच्यांनी तोंडं फिरवली, आत्यानं हातात ड्रिल दिलं. तिच्याबद्दल वाकडं बोललेलं मी ऐकून घेत नाही, आधीच सांगते.

लहान मुलांच्या दवाखान्याचं काम होतं. अडतीस खिडक्या. चौकटी आम्ही दोघींनी बसवल्या आणि फोम संपला. कंपनीचा साहेब म्हणाला, "बाई, सह्या करून पुढच्या कामावर जा. फोम आला की दुसरी टोळी भरेल, पट्ट्याही लावेल."

"भरल्याशिवाय मी सही करत नाही."

"वीस वर्षं झाली, अजून माझ्यावर भरवसा नाही?"

तिथंच फसली. भरवशाचं नाव काढलं की आत्या विरघळते. केल्या अडतीस सह्या.

थंडी पडली आणि दवाखान्यातून नर्सबाईंचा फोन. "खिडकीजवळची लेकरं काकडतायत. दोन-दोन ब्लँकेटं घातली तरी!" जाऊन पट्ट्या उचकटल्या. आत फोमचा पत्ता नाही. नुसती फट, आणि प्रत्येक चौकटीवर आत्याची सही.

साहेबानं सगळ्यांसमोर विचारलं, "ही सही कुणाची?"

"माझी."

"मग झालं तर."

मी ओरडले, "अहो, करा म्हणून तुम्हीच सांगितलंत ना! कुठंय तुमची ती टोळी?"

आत्यानं माझं मनगट धरलं. "गप्प बस."

साहेबानं कागद पुढं केला. फोम भरायला मी विसरले असं लिहून द्या, वर्कशॉपमध्ये झाडायला-पुसायला ठेवतो. आत्यानं वाचला. "न बघता सही केली, ही चूक माझी. तेवढं लिहून देते. फोम मी विसरले नाही." तेवढ्यानं त्याचं भागणार नव्हतं. त्याच दिवशी तिला घरी पाठवलं. जाताना चहासुद्धा विचारला नाही मेल्यानं.

मीही अवजारं आपटून घरी आले. तिनं दारातच अडवलं. "तू कशाला आलीस? त्या लेकरांच्या फटी कोण भरणार, तुझा साहेब?"

म्हणून परत गेले. दोन दिवस फोम भरला, पट्ट्या ठोकल्या, घरी आले. आत्या पुढ्यात ताट घेऊन बसली होती, हात लावला नव्हता.

"वाळल्यावरच कापलास ना बाहेर आलेला फोम? थंडीत दिवसभर थांबावं लागतं. ओला कापला की आत बसतो, फट राहते तशीच."

तिथं दवाखान्यात साहेब घड्याळ बघत उभा होता. तासाभरात ओलाच कापायला लावला होता.

"हो, वाळल्यावरच," मी म्हणाले.

"मग बरं झालं," आत्या म्हणाली, आणि आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवली.