खडूचे गोल

सकाळी गॅरेजमध्ये डोकावले, तर जमिनीवर खडूने आखलेला गाडीएवढा चौकोन, भोवती चार गोल आणि मधोमध टेप घेऊन उकिडवे बसलेले आमचे हे.

आमची जुनी गाडी दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही, हा यांचा हट्ट. पण आता गाडीखाली सरपटायला कंबर नाही म्हणते, म्हणून गाडी उचलणारी लिफ्ट बसवायची ठरली. खांबांची लिफ्ट खणाखणीशिवाय बसते. यांना मात्र जमिनीत पुरलेलीच हवी. बटण दाबलं की फळी वर, काम झालं की पुन्हा सपाट जमीन.

"त्यासाठी घरात खड्डा?" मी करवादले.

"खांबांनी जागा अडते."

"कुणाची?"

त्यांनी खडू गोलांवर टेकवला. "ही वहिनींची, ही मावशींची. उन्हाळ्यात पापड लाटायला इथेच बसता ना सगळ्या?"

आपल्याकडे कुणी बघत नाही म्हणून आपण आयुष्यभर कुरकुरतो. बघणारा बिचारा गाडीखाली आडवा असतो, आणि तिथून त्याला सगळं दिसत असतं.

तरी मी विचारलंच, "यात माझा गोल कुठाय?"

"तुला कुठे आता मांडी घालून बसवतं? तू खुर्चीवर. पोळपाट फळीवर ठेव, म्हणशील तेवढी वर करून देतो."

त्या दिवशी मी केर काढताना गॅरेज तेवढं सोडलं.