बिनअळिवाचे लाडू

हैदराबादच्या चिक्कडपल्लीतल्या मराठी घरांत कुणाला दिवस गेले की सातव्या महिन्यातच एकमेकींना सांगणं होतं, "भामामावशींच्या कानावर घालून ठेवा." म्हणजे लाडवांचं. डिंक, अळीव, मेथी, सुंठ, खारीक, खोबरं, सगळं तुपावर परतायचं, कुटायचं आणि गुळात वळायचं. सोबत सुंठ-पिंपळीचा काढा. हे सगळं भामा आपल्या दोन खोल्यांतल्या स्वयंपाकघरात करते आणि स्वतः नेऊन देते. मावशी, ह्याचं दुकान का टाकत नाही, असं कुणी विचारलं की म्हणते, "बाळंतिणीच्या तोंडचा घास मी तराजूत घालू? जा, मिठाईवाल्याकडे जा." बोलायला अशीच. बायकोची जीभ म्हणजे पाट्यावर वाटलेली मिरची, असं तिचा नवरा चारचौघांत सांगायचा, आणि भामाला ते ऐकायला आवडायचं.

समोरच्या सुशीलेची सून केतकी दवाखान्यात गेली तेव्हा भामाचा डबा भरून तयार होता. दुसऱ्या दिवशी दुपारी सुशीलेच्या मुलाचा, अमितचा फोन आला.

"मावशी, केतकी मोकळी झाली. संध्याकाळी घरी आणतोय." एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

अमित इथेच वाढलेला. गल्लीत तेलुगू, दोस्तांत हैदराबादी, ऑफिसात इंग्रजी. मराठी फक्त आईपुरती. बाई बाळंत झाली की घरातल्या बायका "मोकळी झाली" म्हणतात, हे त्याने लहानपणापासून ऐकलेलं. तेच त्याच्या तोंडी आलं. जे झालं होतं त्याला दुसरा शब्द त्याच्याजवळ नव्हता. कुणाजवळ असतो म्हणा.

भामाला त्यात काही वावगं वाटलं नाही. हल्लीचे दवाखाने बाईला धड टेकू देत नाहीत, एका दिवसात घरी पाठवतात, एवढंच मनात आलं. संध्याकाळी गाडी आलेली दिसली तशी ती डबा आणि काढ्याचा थर्मास घेऊन निघाली. सुशीलेच्या दारातूनच तिने आवाज दिला, "आजीबाई, कुठं हायेस? आधी तोंड गोड कर, मग नातवंड दाखव."

सुशीला बाहेर आली आणि तिने दार मागे ओढून घेतलं.

"हळू बोल. कुणी सांगितलं तुला?"

"अमितनं. मोकळी झाली म्हणाला."

"झाली की मोकळी. पोटातच गेलं, भामा. मुलगी होती."

आत केतकीने आपलं ओरडणं ऐकलं असणार, हे तिला कळलं. ती पायरीवर बसली. डबा मांडीवर घेऊन म्हणाली, "हे लाडू मी परत नेते. उद्या दुसरे आणते."

"दुसरे कशाला?"

"ह्यात अळीव आहे, मेथी आहे. दूध उतरतं ह्यानं. पोरीला आता ते नको."

"लाडूच नको," सुशीला म्हणाली. "सुतकाचं घर आहे. आणि कुणाची बाळंतीण ती? लेकरू नाही तर बाळंतपण कसलं? दोन दिवस पडेल, उठेल, कामाला लागेल. हात चालले की मन रमतं."

"बाळंतपण काय लेकराचं असतं? हाडं कुणाची खिळखिळी झाली? रक्त कुणाचं गेलं?"

"माझंबी गेलं होतं." सुशीलेचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "अमितच्या आधीचं. तिसऱ्या दिवशी मी नळावर धुणं धूत होते. मला कुणी दिला लाडू?"

इथे शहाण्या बाईने गप्प बसायचं असतं. भामा म्हणाली, "म्हणून तर थंडी पडली की कंबर धरून बसतेस."

सुशीलेने आत जाऊन कडी लावली.

भामाला रात्रभर त्या कडीचा आवाज पुरला. सुशीलेच्या कंबरेचा विषय काढायला नको होता, हे तिला पटत होतं. पण पोरीने उठून कामाला लागायचं, हे पटत नव्हतं. सव्वा महिन्याची विश्रांती, शेकशेगडी, गरम पिणं, हे बाईच्या अंगासाठी असतं. ते अंग तर घरी आलंच होतं ना? मेल्या रीतीने मूल दाखवल्याशिवाय बाईला अंथरूणसुद्धा द्यायचं नाही, हा कुठला न्याय?

सकाळी ती अफझलगंजच्या तिच्या नेहमीच्या मसालेवाल्याकडे गेली. तो तिला पाहून हसला.

"क्या देऊं अम्मा? मेथी, अळीव, सब निकालूं?"

"अळीव नक्को. मेथी नक्को. गोंद दे, सोंठ दे, खारीक दे."

"बालिंता के वास्ते है ना? फिर मेथी कैसे नक्को? लडका हुआ कि लडकी?"

"तेरे कू गोंद बेचना है कि जनमपत्री लिखना है?"

शेजारचं गिऱ्हाईक हसलं. दुकानदारही हसला. भामा हसली नाही. पुडी बांधून होईतो ती रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली.

घरी येऊन तिने डिंक तुपात फुलवला, खारीक-खोबरं कुटलं, गूळ वितळवला. सवयीने हात दोनदा मेथीच्या डब्याकडे गेला. पहिला लाडू चाखला आणि तिला तो तोंडात धरवेना. मेथीचा कडूपणा नव्हता, त्यामुळे नुसता गोड, बारशाला वाटावा असा. असला गोड लाडू त्या पोरीच्या हातावर कसा ठेवायचा? तिने सगळं परत मोडलं, सुंठ वाढवली, मिरे घातले, पिंपळी घातली. आता लाडू घशाला लागत होता. चालेल, म्हणाली. लागूच दे.

दुपारी दार अमितने उघडलं. त्याने बाजूला होऊन वाट दिली. समोर केतकी भुईवर बसून सुपात तांदूळ निवडत होती. गाऊन पुढून ओला होता आणि तो झाकायला तिने ओढणी घेतली होती. बाजूला सुशीला भाजी चिरत होती.

"तिची तीच बसली," सुशीला भामाकडे न बघता म्हणाली. "मी सांगितलं नाही."

"तू नको म्हणालीस का पण?"

सुशीलेने पुढची भाजी विळीवर घेतली.

"सुशीले, तुझ्या कंबरेचं बोलले ते चुकलं माझं. पण हे लाडू बाळंतिणीचे आहेत. औषध म्हणून देणार असशील तर देऊ नकोस, मी घरी नेते."

केतकीने मान वर केली.

"मावशी, मी बाळंतीण आहे?"

भामाने सुशीलेकडे पाहिलं. हे उत्तर तिचं नव्हतं, ज्या घरात पोरीला राहायचं त्या घराचं होतं. सुशीलेची विळी थांबली. तिने हात पदराला पुसले, पुढे सरकून केतकीच्या मांडीवरचं सूप उचललं आणि बाजूला ठेवलं.

"आहेस," ती म्हणाली. "जा, आत पड. अमित, तिला हात दे."

मग केतकी रडायला लागली. ओरडून नाही, पोट धरून, जिथे बसली होती तिथेच. अमितही भिंतीला टेकून रडला. सुशीला भामाला म्हणाली, "बघ, रडवलंस."

"हो."

"सव्वा महिना निजवते तिला. पण लोकं येतील. बाळंतीण म्हटलं की पाळणा बघायला मागतील. काय सांगू?"

अमितने केतकीला उठवून आत निजवलं आणि भामाने डबा नि काढा तिच्या उशाशी ठेवला. केतकीने लाडवाचा तुकडा मोडला आणि ती तो गोळी चघळावी तसा चघळत होती. मिऱ्याने ठसका लागला, तेव्हा सुशीलेने काढ्याचा पेला तिच्या तोंडाला लावला.

जिन्यावर पावलं वाजली आणि वरच्या मजल्यावरच्या वैशालीचा आनंदी आवाज आला, "अहो काकू, पेढे कुठायत?"

"थांब," भामा सुशीलेला म्हणाली. बाहेर जाऊन तिने दार मागे ओढून घेतलं आणि पायरीवर बैठक मारली.