शुक्रवारची आवराआवर

मुलगी सुट्टीत घरी आली की तिची बॅग दाराशी, चपलांच्या स्टँडला टेकून असते. लागतील तसे कपडे ती त्यातून काढते, धुऊन वाळले की पुन्हा त्यातच ठेवते. वर तिची खोली आहे, खोलीत कपाट आहे, कपाट रिकामं आहे. बायको म्हणते, हॉस्टेलची सवय लागली. ही सवय हॉस्टेलनं लावलेली नाही. ती मी लावली, आणि इतकी वर्षं त्याबद्दल घरात एक शब्द बोललो नव्हतो.

आमची कंपनी ठाण्याहून तळेगावच्या एमआयडीसीत हलली तेव्हा मुलगी आठवीत जाणार होती, मुलगा तिसरीत. ठाण्यात आम्ही चौघं एका खोलीत आणि स्वयंपाकघरात राहायचो. नवं घर घ्यायचं ठरलं तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात जाहीर केलं, "शाळा तुमची बदलणार, मित्र तुमचे सुटणार, तर जागा तुम्हीच निवडायची." दोघं इतकी खूश झाली की मलाही मी फार चांगला बाप वाटलो.

पहिल्या रविवारी बेगडेवाडीला गेलो. स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर नवी इमारत, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. गॅलरीतून लोकल दिसायची. खाली पार्किंगमध्ये काही मुली बॅडमिंटन खेळत होत्या. त्यांचं शटल गाडीखाली गेलं, ते आमच्या मुलीनं वाकून काढून दिलं.

"कितवीत तू?"

"आठवीत जाणार."

"अय्या, मीपण! राहायला येणार का इथं?"

फ्लॅट बघून आम्ही खाली उतरलो तर हिच्या हातात रॅकेट. परतताना ती म्हणाली, "बाबा, तळेगावची शाळा इथून दोन स्टेशनं. मी एकटी जाऊ शकते. तुम्हाला सोडायला यायला नको." बायको तर गॅलरीत कुंड्या कुठं ठेवायच्या इथपर्यंत पोचली होती. मी "बघू" म्हणालो.

पुढच्या रविवारी लोणावळा. तुंगार्लीच्या बाजूला एका गल्लीत ते घर होतं. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि एक खोली, वर दोन खोल्या आणि गच्ची. समोर डोंगर, डोंगराच्या अंगावर ढग उतरलेले. एजंट लोहगडवाडीचा, बोलका माणूस. बायको-मुलं अजून रिक्षातून उतरत होती, तेवढ्यात त्यानं मला फाटकाशी बाजूला घेतलं.

"सायेब, ह्ये वरचं शनवार-रविवार रिकामं ठिवू नका. लय पार्ट्या येत्यात ममईच्या. हितं समदीच भाड्यानं देत्यात."

"अहो, मुलं आहेत आमची."

"पोरांचं काय, दोन राती खाली झोपत्याल. आमी न्हाई का झोपलो?"

मी हसलो. पण त्या क्षणापर्यंत ते घर माझ्या आवाक्यातलं नव्हतं, आणि त्या बोलण्यानं ते आवाक्यात आलं. शिवाय आणखी एक गोष्ट, ती सांगायला जास्त लाज वाटते. मला कंपनीत "लोणावळ्याला घर घेतलं" असं म्हणायचं होतं. पुढं मी ते म्हटलंही, आणि सगळे "मज्जाय बुवा!" म्हणाले, तेव्हा आतून फुललो होतो.

वर गेल्यावर मी हात पसरून सांगितलं, "या दोन्ही खोल्या तुमच्या. ही ताईची, ती तुझी." मुलगा टुणटुण उड्या मारायला लागला. मुलगी तिच्या खोलीत गेली, दार लावलं, आतून कडी घातली, काढली, पुन्हा घातली. मग दार उघडून म्हणाली, "हिला आतून कडी आहे."

जन्मात तिला आतून कडी लावायला मिळाली नव्हती. कपडे बदलायचे तरी स्वयंपाकघरात जाऊन आईला बाहेर उभं करावं लागायचं.

"बेगडेवाडीत पण असेल ना कडी?" तिनं विचारलं.

"तिथं तुम्हा दोघांत एकच खोली," मी म्हणालो. "आणि शाळाही इथली जास्त चांगली आहे." त्या शाळेचं फाटकसुद्धा मी पाहिलेलं नव्हतं.

तिनं खिडकीशी जाऊन डोंगर पाहिला. मग म्हणाली, "बरं. लोणावळा." बायकोनं तिच्याकडं पाहिलं आणि स्वतःचं म्हणणं गिळलं. मुलांनी निवडायचं असं ठरलं होतं ना.

राहायला आल्यावर दोन महिन्यांत पार्ट्या सुरू झाल्या. शुक्रवारी मुलगी शाळेतून आली की दप्तर न उतरवता वर जायची आणि आवरायला घ्यायची. पुस्तकं, युनिफॉर्म, कंपास, रंग. भिंतीवर लावलेली स्वतःची चित्रं ती नखानं चिकटपट्टी सोडवत काढायची, कागद फाटू नये म्हणून. बायको चादरी बदलायची. दोन दिवस मुलं हॉलमध्ये, आवाज न करता. सोमवारी सगळं पुन्हा वर.

शेजारच्या मावशी पार्ट्यांना पिठलं-भाकरी करून द्यायच्या. त्या कुंपणावरून ओरडायच्या, "काय ओ भाऊ, पोरांचं बिऱ्हाड आलं का खाली? मामलेदाराची न्हाई होत एवढी बदली!"

"मावशी, आज दोन पार्ट्या!" मुलगा आनंदानं सांगायचा. त्याला मजाच होती. पाहुण्यांना तो "चेकआउट अकरा वाजता, काका" असं बजावायचा आणि चॉकलेटं मिळवायचा.

मुलगी पहिल्यांदा कुरकुरली, "माझ्या गादीला सिगारेटचा वास येतो." तेव्हा मी म्हणालो, "हे घर तूच निवडलंस ना?" हे वाक्य लागू पडतं असं माझ्या लक्षात आलं. मग मैत्रिणींना रविवारी घरी बोलवता येत नाही म्हणाली तेव्हाही तेच. आणखी किती वेळा म्हणालो असेन, देव जाणे. पुढं पुढं म्हणायची गरजच पडेना.

नववीत असताना एका रविवारी तिची तळेगावला चित्रकलेची स्पर्धा होती. सकाळी निघताना कळलं, रंगांची पेटी वरच्या कपाटात राहिली. "बाबा, आणता का? खालच्या खणात आहे."

मी वर गेलो. दाराबाहेर चिखलाच्या बुटांचा ढीग, आत सामसूम. मागच्या खेपेला लवकर उठवलं म्हणून एका पाहुण्यानं मोबाइलवर तक्रार लिहिली होती. मी हात उचलला, खाली घेतला. खाली येऊन म्हणालो, "ठोठावलं गं. उघडतच नाहीत."

तिनं भावाचे तेलखडू घेतले. स्पर्धा जलरंगांची होती. लोकलमध्ये ती खडूंचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. परत येताना विचारलं, "कसं झालं?" म्हणाली, "झालं." त्यानंतर सोमवारीही तिचं सामान वर गेलं नाही. एक मोठी बॅग आणली तिनं, ती दाराशी ठेवली. आवरायचा त्रास वाचला, असं मी तेव्हा मनात म्हटलं होतं.

ती नाशिकला शिकायला गेली त्या वर्षी मी वरचं देणं बंद केलं. तिच्या खोलीत टेबल आणलं, भिंती रंगवून घेतल्या. या दिवाळीत ती आली तो शनिवार होता. जेवणं झाल्यावर मी म्हणालो, "वर झोप ना. खोली तुझीच आहे."

"आज शनिवार ना, बाबा," ती हसून म्हणाली.

"पार्टी किती वाजता येणारे?" मुलानं जोड दिली. दोघं खिदळली. बायको ताटं उचलून आत गेली.

सकाळी ती पायरीवर चहा घेत बसली होती. मी शेजारी बसलो आणि म्हणालो, "त्या स्पर्धेच्या दिवशी मी दार ठोठावलंच नव्हतं."

"कुठल्या स्पर्धेच्या?"

"तळेगावची. तुझे रंग वर राहिले होते."

तिनं आठवून पाहिलं. "हां, ते तेलखडू." मग म्हणाली, "ते जाऊ द्या हो. मला शुक्रवार आठवतात. शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशीच मी हळू चालायला लागायचे, आवरायचंय म्हणून."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? घर मीच निवडलं होतं ना. आईला बेगडेवाडी पाहिजे होती, माझ्या कडीपायी तिची पण गेली. आपणच मागितलं, आता तोंड बंद ठेवायचं, असं वाटायचं मला."

एवढी वर्षं मी न ठोठावलेलं दार उगाळत बसलो होतो, आणि हिच्या डोक्यावर हे होतं. मग मी तिला एजंटचं सांगितलं. फाटकाशी झालेलं सगळं बोलणं.

"म्हणजे आम्ही खोल्या बघितल्या त्याच्या आधी?"

"आधी. तू निवडलंच नव्हतंस. कडी बघून तुला काय झालं ते मी बघितलं आणि त्याचा फायदा घेतला. शाळासुद्धा मी पाहिली नव्हती."

तिनं कप पायरीवर ठेवला. ती रडली नाही, चिडलीही नाही. मला वाटतं चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"आईला माहितीय?"

"नाही."

"मग तिला सांगा. मला सांगून अर्धंच झालं."

दुपारी बायकोला सांगितलं. ती चकल्या डब्यात भरत होती, भरत राहिली. झाकण लावून झाल्यावर एवढंच म्हणाली, "त्या गॅलरीतून लोकल दिसायची."

हे लिहितोय तेव्हा मुलगी भावाला घेऊन बाजारात गेलीय. उद्या तिला परत जायचंय. बॅग दाराशीच आहे, चेन अर्धी उघडी. ती उचलून वर नेऊन कपाटात लावावी असं दोनदा मनात आलं, एकदा बंदाला हातही घातला. मग सोडून दिली. कुठं ठेवायची ते या वेळी तिचं तिला ठरवू दे.